डायलवरील नाव

2025 च्या आषाढीची गोष्ट. आमची जतेकडील दिंडी सांगोल्याला मुक्कामाला होती. रात्री भजन आटोपले, पंगत उठली, पावसानेही दम धरला होता. तेव्हा आम्ही पाच-सहाजण एका शाळेच्या ओट्यावर पाय चेपीत बसलो होतो. चालणाऱ्या माणसांचे बोलणे फिरून फिरून पायांवरच यायचे. त्या रात्री ते चपलांवर आले होते.

निमित्त सर्वांच्या कानांवर होते. इटलीतील प्राडा नावाच्या बड्या कंपनीने त्याच जून महिन्यात मिलान शहरी आपला माल मांडला आणि त्यात हुबेहूब आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखविली. नाव मात्र कोल्हापूरचे घातले नाही. चामड्याची चप्पल, एवढेच म्हटले. इकडे ओरड झाली तेव्हा मग कंपनीने कबूल केले की होय, ही कल्पना हिंदुस्थानातील कारागिरांची आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि पलीकडचे कर्नाटकातील चार जिल्हे, अशा आठांचे मिळून आहे. आमच्या शेजारच्या अथणीत तर घराघरांतून ही चप्पल होते. तेव्हा आमच्यातले एक वयोवृद्ध माळकरी तावातावाने म्हणाले, "वस्तू आमची आन् नाव त्येंचं? ह्येला चोरी न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा भाचाही होता, त्यानेही डोलावली. तेवढ्यात दिव्याचा उजेड त्याच्या मनगटावर पडला आणि तिथले घड्याळ चमकले. मी ओळखले. डायलवर पाच टोकांचा मुकुट, खाली स्वित्झर्लंडचे नाव. मी नुसते घड्याळाकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे. तो समजला, हसला आणि त्याने बाही खाली ओढली.

वाचकहो, हा भाचा काही लबाड मनुष्य नव्हे. जत तालुक्यात त्याची डाळिंबाची बाग आहे, उन्हाळ्यात टँकरने पाणी घालून त्याने ती जगविली आहे. वारी चुकवीत नाही. त्याला नाद एकच, घड्याळे उघडण्याचा. बाजारात ज्याला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, म्हणजे नामांकित घड्याळाची खोटी प्रत, ती तो मागवितो. आतले मशीन नादुरुस्त असले तर साफ करतो, तेल देतो. फारच टाकाऊ असले तर ते काढून त्या जागी चांगले जपानी मशीन बसवितो. काटे बदलतो, काच बदलतो. खऱ्या घड्याळाचा सेकंद-काटा जसा सुळकन सरकतो, तसा याचा सरकावा म्हणून रात्र रात्र भिंग लावून बसतो. आणि हे त्याला कोणी शिकविले? मी. माझी सगळी नोकरी शाळामास्तरकीत गेली, पण घड्याळदुरुस्तीचा छंद मला तिशीपासून आहे. चिमटा कसा धरावा, हेअरस्प्रिंगला श्वाससुद्धा कसा लागू देऊ नये, हे त्याने माझ्याच टेबलाशी शिकून घेतले.

दुसऱ्या दिवशी वाटेने चालताना तो आपणहून म्हणाला, "मामा, काल तुम्ही बघितलं ते कळलं मला. पण मला सांगा, मी हे कुणाला विकत नाही. कुणी विचारलं तर खरं सांगतो. पैसा माझा, हात माझे, वेळ माझा. कुणाला फसवलं नाही, मग पाप कसलं?"

प्रश्न रास्त आहे. 'खोटे ते खोटेच' असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे होते. परंतु त्याने माझेच समाधान झाले नसते, मग त्याचे काय होणार? त्यातील एकेक पदर मला उलगडून पाहावा लागला.

प्रथम दुरुस्तीचे पाहू. खोटे घड्याळ दुरुस्त करणे वाईट काय? मला तसे वाटत नाही. घड्याळाच्या पोटातील यंत्र निष्पाप असते. कमान उलगडते, चाके फिरतात, बॅलन्स इकडून तिकडे डोलतो. एचएमटीचे साधे 'जनता' घ्या. 17 ज्युवेलचे ते यंत्र सेकंदाला पाच ठोके देते, म्हणजे दिवसाला 4,32,000. आजच्या भारी स्विस यंत्रांचे बहुधा सेकंदाला आठ पडतात. पाच असोत की आठ, ठोका वेळेवर पडला की त्या यंत्राने आपले काम केले. वरती कोणाचे नाव लिहिले आहे हे बॅलन्सला ठाऊक नसते. माझ्याकडे कोणी असे घड्याळ घेऊन आला तर मी ते साफ करून देतो. फक्त देताना तोंडावर सांगतो की बाबा, हे खरे नव्हे. काहीजणांचा चेहरा उतरतो. एकजण तर भांडलाही. त्याने ते मुलीच्या लग्नात जावयाला घालण्यासाठी घेतले होते. दुरुस्तीचे पैसे मात्र त्याने चुकते केले.

तेव्हा हातात दोष नाही, लोखंडात दोष नाही. आकारातही मी फारसा दोष धरीत नाही. गोल केस, काळी डायल, तीन काटे, हे काही कोणाच्या वतनात मिळालेले नाही. मोठ्या घड्याळाच्या वळणाचे घड्याळ करून त्यावर स्वतःचे नाव घालणारे किंवा नावच न घालणारे छंदी लोक जगात पुष्कळ आहेत. मला त्यांचे काम पाहायला आवडते. आमच्याकडे मिरज-पंढरपूर रेल्वेवर 'जत रोड' नावाचे स्टेशन आहे. तिथे उतरलेला मनुष्य जतेत उतरत नाही, गाव पुष्कळ लांब आहे. तरी त्या पाटीला कोणी खोटी म्हणत नाही, कारण 'रोड' हा शब्द जोडून तिने आपले अंतर आधीच कबूल केले आहे. उद्या त्या पाटीवरचा 'रोड' कोणी पुसला तर मात्र रात्रीच्या गाडीने आलेला परका मनुष्य फसेल.

म्हणजे खोट शिरते ती नावातून. आता कोणी म्हणेल, नावात एवढे काय आहे? रोलेक्स हे नाव 1908 साली हान्स विल्सडॉर्फ या व्यापाऱ्याने नोंदविले. त्याला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. जिभेला सोपे आणि डायलवर मावेल एवढे लहान, म्हणून ते जुळविले. म्हणजे आरंभी ते नुसता एक ध्वनी होते. पुढे 1926 साली त्यांनी पाणी न शिरणारी केस केली, 1931 साली हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारे यंत्र केले, आणि वर्षानुवर्षे घड्याळे चांगली दिली, तेव्हा त्या ध्वनीला वजन आले. एखाद्या दुकानदाराने 'अमक्याचे माप' म्हटले की लोक डोळे मिटून घेतात, ते त्या मापामागे गेलेल्या वर्षांमुळे. डायलवर नाव छापायला क्षणभर लागतो आणि त्यातून ती सगळी वर्षे फुकटात उचलली जातात.

ही चोरीही आजची नव्हे. पॅरिसचे ब्रेगे हे अठराव्या शतकाच्या अखेरचे सर्वांत नावाजलेले घड्याळजी. त्यांच्या नावाची खोटी घड्याळे इतकी निघाली की त्यांना डायलवर एक गुप्त सही कोरावी लागली. प्रकाश तिरपा पडला तरच ती दिसायची. पुढे एकोणिसाव्या शतकात काही स्विस कारखानदारांनीच अमेरिकन घड्याळांच्या नकला करून विकल्या, आणि आज त्यांच्या नकलांबद्दल ते आरडाओरड करतात. हा इतिहास ऐकून भाचा खुशीने हसला. मीही हसलो. पण दुसऱ्याने आधी केले म्हणून आपल्याला परवाना मिळतो असे नाही.

आणि घरच्या वस्तूवर आले की आपल्याला हे सगळे न शिकविता कळते. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली मानांकन मिळाले, हळदीला 2018 साली. उद्या कुठल्या तरी परमुलुखातील हळद 'सांगलीची' म्हणून पोत्यात भरली गेली तर आम्ही गप्प बसू काय? चपलांच्या बाबतीत गप्प बसलो नाही. तिथे त्यांनी आमचा आकार घेतला आणि नाव दडविले. इथे आम्ही त्यांचे नाव घेतो आणि काम दुसऱ्याचे घालतो. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "प्राडाने विकायला काढली मामा. मी कुठं विकतो?"

त्याचे हे म्हणणे खरे होते. कायदाही पाहिला तर 1999 च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याप्रमाणे खोटे चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाचा यांपैकी कोणी नव्हे. त्याचा पैसा खोटे नाव छापणाऱ्याकडे जातो हे आहेच, आणि ते त्याने नाकारले नाही. तसेच कोणी विचारले तर तो खरे सांगतो, तेही मी मानतो. पण न विचारणाऱ्यांचे काय? बँकेतला कारकून, लग्नातला पाहुणा, शेतीमालाचा व्यापारी, हे विचारीत नाहीत, नुसते मनगटाकडे पाहतात आणि मनात एक आकडा धरतात. तो आकडा आपण दुरुस्त करीत नाही. उलट, गंमत म्हणून का होईना, तो तसाच राहावा यासाठी तर काट्याची चाल इतक्या कसोशीने जुळविलेली असते.

हे लिहिताना माझा हात आपोआप गळ्यातील माळेकडे गेला. तीही लोकांना दुरून दिसते, तिच्याकडे पाहूनही लोक मनात काही धरतात. असो, त्या विषयात मी आज शिरत नाही. शिरलो तर भाच्याआधी मलाच उत्तरे द्यावी लागतील.

नरहरी सोनारांची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. करगोट्याचे माप घ्यायला ते डोळ्यांवर पट्टी बांधून राउळात गेले. कसबी हात, वर्षांचा सराव, आणि तरी करगोटा जुळेना. मला या कथेत नेहमी कारागीर दिसतो. आपल्या हातकसबावर इतका विश्वास, की कोणासाठी काम करतो आहोत ते पाहायचेच नाही असे ठरविलेले. 'मला फक्त कामाची आवड आहे, बाकी मी पाहत नाही' असे आम्ही छंदी लोक म्हणतो, तेव्हा तीच पट्टी आमच्याही डोळ्यांवर असते. माझ्या तर होतीच.

ती कशी, हे मी भाच्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. इथेही लिहितो. घरातील माणसांची परवानगी घेतली आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचे लग्न 1979 साली झाले. त्या काळी जावयाला एचएमटीचे घड्याळ घालणे म्हणजे मोठी हौस. बंगलोरचा कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने निघाला होता, आणि 'जनता' घड्याळ खेड्यापाड्यांत पोहोचले होते. वहिनींच्या वडिलांनी, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू, पैसे साठवून तेच घातले. पांढरी डायल, बारीक काटे. लग्नानंतर दोन वर्षांनी आबा वारले.

1991 साली मी मुंबईस गेलो असता एका बाजारात मला एका थोर स्विस नावाची नवी छापील डायल मिळाली. कुठले नाव ते सांगत नाही, त्यांचा काही अपराध नाही. मी नुकताच या छंदात बुडालो होतो. दादांना ती दाखविली, तर त्यांचे डोळे चमकले. "बसव की माझ्यात." डायलच्या खुंट्या त्या मशीनला जुळत नव्हत्या, म्हणून मी त्या कापून डायल चिकटविली. केसला सोन्याचे पाणी दिले. काटे बदलले, पट्टा नवा घातला. काम इतके सफाईचे झाले की मला स्वतःचा अभिमान वाटला. दादांनी ते घालून गावभर मिरविले. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसायचो. कोणाला विकले नाही, कोणाकडून दमडी घेतली नाही.

वहिनींनी विचारले, "आबांचं घड्याळ कुठाय?" दादा गमतीत म्हणून गेले, "ते मोडीत घातलं, त्यात भर घालून हे घेतलं." त्यांना वाटले, चार दिवसांनी खरे सांगू. चार दिवस गेले, मग सांगण्यासारखे काही राहिले नाही असे वाटले असेल. मला हे बोलणे त्या वेळी ठाऊकही नव्हते. वहिनी एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. घरात आल्यागेल्याला त्या घड्याळाचे कौतुक सांगताना दादा त्यांनाच चहा आणायला सांगत, आणि त्या आणीत.

दादा 2018 साली गेले. पुढच्या वर्षी नातीच्या कॉलेजची फी भरायची होती, तेव्हा वहिनींनी ते घड्याळ काढले आणि मुलाबरोबर जाऊन एका दुकानात दाखविले. दुकानदाराने मागचे झाकण उघडले आणि परत लावले. म्हणाला, "आजी, वर नाव मोठं आहे, आत एचएमटी आहे. ह्याचं काही येणार नाही."

त्या तशाच एसटीने माझ्याकडे आल्या. घड्याळ रुमालात गुंडाळलेले होते. मला वाटले, विचारतील की तुमच्या भावाला कोणी फसविले. त्यांनी विचारले, "भाऊजी, आत कुठलं मशीन आहे? नीट बघून सांगा." मला बघायची गरज नव्हती. मी म्हटले, "वहिनी, आबांचंच आहे. वरची डायल मी बसवली होती."

बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे अठ्ठावीस वर्षं ते घरातच होतं?"

मी मान हलविली.

"आणि मी समजत होते, माझ्या बापाची वस्तू ह्यांनी मोडून खाल्ली. अहो, शेवटच्या आजारात पाय दाबतानासुद्धा माझ्या मनात ते असायचं."

यावर माझ्यापाशी काय उत्तर असणार? त्या मला टाकून बोलल्या असत्या तर बरे झाले असते. त्या बोलल्या नाहीत. पदराने घड्याळाची काच पुसली आणि ते टेबलावर ठेवले.

जुनी डायल मी फेकली नव्हती. जुने सुटे भाग मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो, त्यात ती कागदात गुंडाळलेली सापडली. खुंट्या शाबूत होत्या. चिकटविलेली डायल चाकूने सोडवावी लागली, तिचे दोन तुकडे झाले. आबांची डायल आपल्या भोकांत बरोबर बसली. मशीन साफ केले, तेल दिले. 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळकंपनी बंद करायचे ठरविले, त्यानंतर या घड्याळांना एकदम मागणी आली आहे. आता गंमत पाहा, रंगविलेल्या डायलींची खोटी 'जनता' घड्याळेही बाजारात भरपूर आली आहेत. वहिनींच्या घड्याळाला आता कोणी बरे पैसे देईल, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी विकले नाही. नातीची फी आम्ही दोघाचौघांनी मिळून भरली. केसवरचे सोन्याचे पाणी कडेने उडाले आहे, ते मी तसेच ठेवले. वहिनी रोज सकाळी त्याला चावी देतात. दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते. मी दुरुस्त करून देतो म्हटले तर म्हणतात, राहू दे.

हे सांगून होईतो आम्ही बरेच चाललो होतो. पुढच्या दिंडीचे टाळ ऐकू येत होते. भाच्याने विचारले, "मामींना ठाऊक आहे?" मी म्हटले, "आता आहे." मग तो पुढे निघून गेला आणि विण्याजवळ जाऊन चालू लागला.

दिवाळीच्या सुटीत तो माझ्याकडे आला. तेच घड्याळ, आणि एक काळी कोरी डायल. तिच्यावर काही नाही, फक्त तासांचे ठिपके. "मामा, तारखेची खिडकी जुळत नाही. जरा धरता का?" माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, तरी मी चिमट्याने डायल धरली आणि त्याने बारीक कानशीने खिडकीची एक कड घासली. तासाभरात जमले. काटे बसवून त्याने घड्याळ कानाशी लावले, मग माझ्या कानाशी धरले.

"जुनी डायल कुठे आहे?" मी विचारले.

"ठेवली आहे डब्यात," तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. डबा माझ्याही कपाटात होताच.